वलय एक, कारणे दोन

न्यायदर्शनाने संशयाचे जे लक्षण केले आहे त्यात एक बारकावा आहे. दोन वस्तूंना समान असलेला धर्म दिसतो, त्यांना वेगळे करणारा विशेष दिसत नाही आणि तो विशेष जाणण्याची अपेक्षा मात्र मनात असते, तेव्हा संशय उत्पन्न होतो, असे गौतमाच्या सूत्रांचे व त्यांवरील वात्स्यायनाच्या भाष्याचे म्हणणे आहे; संध्याकाळच्या अंधुक उजेडात दूरवर उभे दिसणारे काही तरी खुंट आहे की माणूस, हे त्याचे ठरलेले उदाहरण. या उदाहरणात पाहणाऱ्याची चूक काहीच झालेली नाही. उंची खरी आहे, उभेपणा खरा आहे. त्या उंचीमागे काय आहे एवढेच ठरायचे राहिले आहे. दोरीच्या जागी साप दिसणे ही गोष्ट वेगळी, कारण तेथे नसलेले दिसते आणि दिवा आणताच त्या ज्ञानाचा बाध होतो, म्हणजे ते खोटे ठरून गळून पडते. संशयाला असा बाध पुरत नाही. त्याला विशेषच शोधावा लागतो.

आधुनिक नेत्रवैद्यकात या संशयाचे एक फार नेमके रूप आढळते. डोळ्याच्या आतल्या पाठभिंतीवर प्रकाश टिपणारा जो पातळ थर असतो, ज्याला ग्रंथात दृष्टिपटल आणि बोलण्यात डोळ्याचा पडदा म्हणतात, त्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची छोटी जागा असते. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे तिच्यावर चालतात. या पीतबिंदूच्या मध्याभोवती कधी कधी झिजलेल्या पेशींचे एक वलय तयार होते, जे तपासणीत नेमबाजीच्या चकतीसारखे दिसते आणि म्हणून नेत्रतज्ज्ञ त्याला ‘बुल्स आय’ म्हणतात. हे वलय हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाच्या दीर्घ सेवनाने उमटू शकते, आणि एकही गोळी न घेतलेल्या माणसाच्या डोळ्यातही, जन्मतः मिळालेल्या जनुकदोषामुळे, उमटू शकते. दोन्ही प्रकारांत ते दोन्ही डोळ्यांत सारखेच असते व हळूहळू वाढते. वलय हा येथील समानधर्म आहे, आणि त्यावरून औषध दोषी की जन्म दोषी हे ठरवणे हा केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. कार्यावरून कारणाकडे जाण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे, हा जुना प्रश्न त्यात जसाच्या तसा उभा असतो.

औषधाची कुळकथा थोडक्यात अशी. क्लोरोक्वीन हे हिवतापावरील औषध १९३४ मध्ये जर्मनीत तयार झाले, त्याने पडद्याला इजा होते हे १९५९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे तुलनेने सौम्य भावंड असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आज मुख्यतः ल्युपस आणि संधिवाताभ संधिशोथ या आजारांत दिले जाते, ज्यांत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटते. पुढे ज्या देशाच्या संदर्भात हा प्रश्न पाहायचा आहे त्या संयुक्त अरब अमिरातीला जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित केले, तरी हे हिवतापाचे औषध तेथे रोज घेतले जाते ते याच कारणाने. आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनावर ते लागू पडेल या त्या वेळच्या आशेने, भारतातून अमिरातीला त्याच्या ५५ लाख गोळ्यांची पहिली खेप रवाना झाली होती. ती आशा पुढे फोल ठरली. ल्युपसच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हे औषध आशेवर उभे नाही, तर अनेक दशकांच्या अनुभवावर उभे आहे, आणि पुढील विवेचनात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानावर एक जबरदस्त आक्षेप नोंदवलेला आहे. नदीला पूर आला की वर पाऊस झाला असे अनुमान करतात. पण पाणी कोठे तरी अडल्यामुळेही नदी फुगू शकते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार असे म्हणतात. पण कोणी त्यांचे वारूळ मोडले असले तरीही त्या निघतात. मोराचा आवाज ऐकून मोर आहे असे म्हणावे, तर तो आवाज माणूसही काढू शकतो. मग कार्यावरून कारण ओळखणे प्रमाण कसे? भाष्यकाराचे उत्तर असे की पावसाने आलेला पूर नुसता पूर नसतो. त्यात वेग असतो, फेस असतो, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे असतात. ज्याने नुसते चढलेले पाणी पाहून पाऊस ठरवला त्याने हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, नीट पाहिलाच नाही, म्हणून दोष अनुमानाचा नसून अनुमान करणाऱ्याचा.

पीतबिंदूतील वलय हे असेच चढलेले पाणी आहे, आणि निष्णात नेत्रतज्ज्ञ त्यात फेस आणि काड्या शोधतो. ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याचा उभा छेद दिसतो, ज्यात थरांच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांतील एक बारीक उजळ रेषा प्रकाशग्राही पेशींच्या आरोग्याची खूण मानली जाते. औषधाच्या इजेत ही रेषा बहुधा केंद्राच्या दोन्ही बाजूंना तुटते आणि मधोमध एक छोटे बेट शाबूत राहते, त्यामुळे छेदाचे चित्र उडत्या तबकडीसारखे दिसते. स्टारगार्ट या आनुवंशिक आजारात, ज्याचे वर्णन कार्ल स्टारगार्ट या जर्मन वैद्याने १९०९ मध्ये केले व ज्याच्याशी जोडलेले एबीसीए४ हे जनुक १९९७ मध्ये सापडले, बहुतेक वेळा ते मधले बेटच आधी बुडते. पडद्याच्या पेशींतील टाकाऊ द्रव्य विशिष्ट प्रकाशात आपोआप चमकते. ती चमक टिपणाऱ्या चित्रात स्टारगार्टच्या रुग्णाच्या पडद्यावर माशाच्या आकाराचे उजळ ठिपके विखुरलेले दिसतात, मात्र दृष्टिनाडी जेथून बाहेर पडते त्या जागेभोवतीचा भाग त्यांपासून मोकळा राहतो. शंकूपेशींच्या, म्हणजे उजेडात रंग टिपणाऱ्या पेशींच्या, आनुवंशिक ऱ्हासात रुग्णाला उन्हाचा त्रास होतो, रंग फिके होतात, आणि सबंध पडद्याची विद्युत तपासणी लवकर बिघडते, तर औषधाच्या इजेत ती बराच काळ साधारण राहते. म्हातारपणी होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासात पडद्याखाली साठलेले पिवळे गोळे सापडतात.

हाच पेच इतर औषधांतही आहे. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावर दिले जाणारे पेंटोसॅन पॉलिसल्फेट अमेरिकेत १९९६ पासून विकले जात होते, आणि त्याच्या दीर्घ सेवनानंतर पीतबिंदूवर रंगद्रव्याचे विकार दिसतात हे २०१८ मध्ये अटलांटा येथील तज्ज्ञांनी निदर्शनास आणेपर्यंत ते घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या कागदांवर आनुवंशिक किंवा वयोमानाचा आजार असेच लिहिले गेले असण्याचा पुरेपूर संभव आहे. कारण ज्या कारणाचे नावच ठाऊक नाही ते कोणाच्या विचारात येत नाही. न्यायशास्त्राने याला उपाधी म्हटले असते: हेतू आणि साध्य यांच्या मधोमध दडलेली अट, जी दिसत नाही तोवर व्याप्ती, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ हा नियम, निर्दोष वाटतो.

अमिरातीत हा संशय इतर अनेक देशांपेक्षा जास्त दाट होतो, आणि त्याची कारणे तेथील समाजरचनेत आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील नागरिकांचे सुमारे निम्मे विवाह नात्यात झालेले आढळले होते. आई आणि वडील दोघांकडूनही तोच दोष आला तरच प्रकटणाऱ्या आजारांची शक्यता अशा कुळांत वाढते, आणि स्टारगार्ट हा त्याच जातीचा आजार आहे. २०२५ च्या आरंभापासून तेथे नागरिक वधूवरांना विवाहापूर्वी जनुकतपासणी सक्तीची झाली असून तीत ५७० जनुके व ८४० हून अधिक विकार पाहिले जातात. म्हणजे त्या भूमीत जन्म हे कारण गंभीरपणे विचारात घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला त्या देशातील बहुसंख्य रहिवासी बाहेरून आलेले आहेत, त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही पुष्कळ, आणि आशियाई रुग्णांच्या बाबतीत औषधाचे चिन्हच जागा बदलते: मेलेस आणि मार्मर या अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की गोऱ्या रुग्णांत जी इजा मध्याजवळ होते ती आशियाई रुग्णांपैकी निम्म्यांत मध्यापासून दूर होते, त्यामुळे मधल्या दहा अंशांपुरती दृष्टिक्षेत्र तपासणी केली तर त्यांचा पडदा निरोगी भासतो. एका वंशाच्या डोळ्यांवरून बांधलेली व्याप्ती दुसऱ्या वंशाला लावली की नियमच व्यभिचारी, म्हणजे अपवादांनी मोडणारा, होतो, आणि दुबईच्या दवाखान्यात एकाच सकाळी दोन्ही वंशांचे डोळे त्याच खुर्चीवर बसतात.

त्यात कागदांचा प्रश्न आहे. अबू धाबीत २०१९ पासून ‘मलफ्फी’, म्हणजे ‘माझी फाइल’, या नावाची आरोग्यनोंदींची एकत्रित व्यवस्था चालते आणि दुबईत ‘नबिध’ चालते; पण शारजात नोकरी करणाऱ्या एखाद्या स्त्रीने पहिली सात वर्षे गोळ्या पुण्यात घेतल्या असतील, मधली चार वर्षे सुट्टीवर आल्यावर सहा-सहा महिन्यांच्या पट्ट्या बॅगेत भरून नेल्या असतील, तर ती अकरा वर्षे कोणत्याच फाइलमध्ये नसतात. डॉक्टरांना दिसतो तो तीन वर्षांचा इतिहास. वजनाचा हिशेबही असाच निसटतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ संघटनेने २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम ही आहे. ४८ किलो वजनाच्या स्त्रीला त्या हिशेबाने २४० मिलिग्रॅमपर्यंत चालते, पण गोळी २०० ची येते आणि सवयीने दोन लिहिल्या जातात, म्हणजे रोज ४००, जवळजवळ पावणेदोनपट. मर्यादेत राहिलेल्या रुग्णाला पहिल्या पाच वर्षांत इजेचा धोका शंभरात एकाहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोनाहून कमी, आणि वीस वर्षांनंतर मात्र वीसच्या आसपास, असे २,३६१ रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात आढळले. अकरा वर्षे गहाळ झाली की ही सारी गणिते कोसळतात आणि दोष आपोआप जन्माकडे सरकतो.

तर मग गोळी थांबवून पाहावे, असे सहज सुचते. आयुर्वेदाने रोग ओळखण्याच्या पाच साधनांत उपशयाला स्थान दिले आहे: अमुक दिल्याने आराम पडतो की त्रास वाढतो यावरून गूढ रोग ओळखायचा. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, यांची ती व्यवहारातील परीक्षा आहे. पण येथे ती परीक्षाच फसते. हे औषध पडद्यामागील रंगद्रव्ययुक्त थरात साठून राहते, शरीरातून फार सावकाश जाते, आणि एकदा इजा पुरेशी खोल गेली की औषध बंद केल्यावरही ती वाढत राहू शकते. आनुवंशिक आजार तर गोळी बंद केली तरी वाढणारच. कारण काढून घेतले तरी दोन्ही पक्षांत कार्य चालूच राहते, म्हणून व्यतिरेक मुका होतो. इस्लामी परंपरेतील वैद्य इब्न सिनाने आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथाच्या दुसऱ्या भागात औषधाचा गुण अनुभवाने ठरवण्यासाठी सात अटी घातल्या आहेत, आणि त्यांत औषधाचा परिणाम केव्हा प्रकटतो ते पाहावे व तो नेहमी किंवा बहुतेक वेळा प्रकटतो की नाही तेही पाहावे, अशा अटी आहेत. जे क्वचित घडते ते योगायोगाने घडलेले असू शकते, हा त्यामागचा विचार. हजार वर्षांपूर्वीच्या या सावधगिरीत आजही उणे काढण्यासारखे थोडेच आहे. त्याच्या नंतरच्या शतकात अल गझालीने आगीने कापूस जळतो या विधानालाच हात घातला आणि म्हटले की डोळ्यांना दिसते ते आगीच्या सान्निध्यात जळणे, आगीमुळे जळणे नव्हे. इब्न रुश्दने उलट बजावले की कारणे नाकारली तर बुद्धीच नाकारली जाते. नेत्रतज्ज्ञाला दोघांचेही ऐकावे लागते: गोळीच्या सान्निध्यात वलय उमटले एवढे गझाली त्याला म्हणू देतो, आणि तेवढ्यावर न थांबता फेस आणि काड्या शोध, असे इब्न रुश्द सांगतो.

चरकसंहितेने तीन प्रमाणांखेरीज युक्ती नावाचे जे चौथे प्रमाण मानले त्याची येथे विशेष गरज भासते. अनेक कारणांच्या संयोगातून एक कार्य कसे निपजते हे पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती; पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या मेळातून पीक येते, त्यांपैकी एकावर बोट ठेवता येत नाही. जन्मजात दुबळ्या पडद्यावर औषधाचा भार पडला, किंवा मूत्रपिंड अधू झाल्याने तेच प्रमाण अंगात जास्त साठले, किंवा स्तनकर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन जोडीला आले, तर ‘हे की ते’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. नेत्रवैद्यकातील पुष्कळ गोंधळ औषधाला एकटेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यातून होतो.

आरोपीचा हा विचार रुग्णाच्या मनातही असतो, आणि तेथे प्रश्न धर्माचा होतो. हिंदू परंपरेने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भाग केले. जनुकदोष म्हटले की घरात प्रारब्ध हा शब्द येतो आणि गोळी म्हटले की क्रियमाण, म्हणजे आता केलेले, ज्याचा जाब विचारता येतो. इस्लामी घरात पहिल्यासाठी कदर, म्हणजे ईश्वराने ठरवलेली नियती, हा शब्द येतो, आणि दुसऱ्यासाठी वैद्याचे दायित्व, ज्यावर इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी शतकानुशतके लिहिले. अमिरातीच्या २०१६ च्या वैद्यकीय दायित्व कायद्यानेही हीच रेषा आखली आहे: अज्ञान, निष्काळजी किंवा मान्य पद्धती न पाळणे ही चूक, आणि चुकीविना उद्भवलेली ज्ञात गुंतागुंत ही चूक नव्हे. पण ज्याला प्रारब्ध म्हणतात ते आईबापांकडे बोट दाखवते, विवाह कोणाशी ठरवला याकडे दाखवते, आणि धाकट्या भावंडांच्या लग्नावर सावली टाकते. ‘कोणाचाच दोष नाही’ असे समजून दिलेले नाव एखाद्या कुळाला औषधाच्या आरोपापेक्षा जड जाऊ शकते. म्हणूनच सोयीचे कारण निवडण्याचा अधिकार, ते कितीही सहृदयतेने निवडले तरी, कोणाला नाही.

इस्लामी न्यायशास्त्रात एक मूलभूत सूत्र आहे, जे १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानी ‘मजल्ला’ संहितेत आणि अमिरातीच्या १९८५ च्या दिवाणी व्यवहार कायद्यातही कलमाच्या रूपाने आले: निश्चिती संशयाने हटत नाही. ज्याने वुजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, केल्याची खात्री आहे आणि तो मोडल्याचा फक्त संशय आहे, त्याचा वुजू शाबूत मानायचा, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्याच्या सिद्धान्ताशी या सूत्राचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेच प्रमाण म्हणून; ते सोडावे लागते ते एक तर बाधक ज्ञान आल्यावर किंवा ज्ञानाच्या साधनातच दोष असल्याचे कळल्यावर, आणि आधार नसताना शंका वाढवत राहणे त्यांना मान्य नाही. पिवळा शंख हे दर्शनकारांचे आवडते उदाहरण याच दुसऱ्या प्रकारचे: कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, आणि आपला डोळा बिघडला आहे हे कळेपर्यंत त्याच्यापाशी शंका घेण्याचे कारण नसते. औषधाची इजा याहून फसवी आहे. ती मध्याभोवतीचा भाग खाते, मध्याला आरंभी हात लावत नाही, त्यामुळे रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि वाचताना मधली दोन अक्षरे उडाली तर ती मन भरून काढते. स्वतःच्या दृष्टीवरचा त्याचा विश्वास स्वतःप्रामाण्याने योग्यच असतो. साधनातील दोष बाहेरूनच कळावा लागतो. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा, या नियमाला हा तात्त्विक आधार आहे.

आता निश्चिती संशयाने हटत नाही हे सूत्र ल्युपसच्या रुग्णाला लावले तर काय निघते? ल्युपस आहे आणि औषधाने तो काबूत आहे, ही निश्चिती. औषध थांबवलेल्या स्थिर रुग्णांत आजार उसळण्याचे प्रमाण चालू ठेवणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होते, हे कॅनडातील १९९१ च्या चाचणीने दाखवले. वलयाची पहिली पुसट छाया हा संशय. त्या छायेवरून गोळी बंद करणे म्हणजे संशयाने निश्चिती हटवणे, आणि संधिवात, त्वचा व नेत्र या शाखांतील अमेरिकी संघटनांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त निवेदनात याच घाईविरुद्ध इशारा आहे. तरीही हे सूत्र ढाल म्हणून वापरणे चुकीचे होईल. त्याच इस्लामी न्यायशास्त्राने निश्चिती आणि संशय यांच्या मध्ये जन्न, म्हणजे एका पक्षाकडे झुकलेला अंदाज, ही पायरी मानली आहे, आणि तो अंदाज पुरेसा प्रबळ झाला की कृतीसाठी तो चालतो. पूर्ण खात्रीची वाट पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला ती मिळते तेव्हा मधले बेटही बुडालेले असते. दृष्टिक्षेत्र तपासणीत दिसलेल्या, रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून असलेल्या, दोषाला ओसीटीसारख्या, रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून नसलेल्या, तपासणीने दुजोरा दिला म्हणजे अंदाज झुकला. दोन्हींनी दोनदा तेच दाखवले म्हणजे तो प्रबळ झाला, आणि मग संधिवाततज्ज्ञाशी बोलून मात्रा उतरवणे किंवा पर्यायी औषधाकडे जाणे हे कर्तव्य ठरते.

तोवर कागदावर दोन वेगळ्या ओळी लिहिणे हे सर्वांत प्रामाणिक. एकीत जे दिसले ते: दोन्ही डोळ्यांत मध्याभोवती झीज, मध्य शाबूत, दृष्टिनाडीभोवती विशेष काही नाही, माशासारखे ठिपके नाहीत. दुसरीत जे अनुमान केले ते, त्याच्या पायरीसह: औषधजन्य इजेचा प्रबळ संभव, जनुकतपासणी प्रलंबित, एकूण सेवनाचा काळ रुग्णाच्या आठवणीवरून अकरा अधिक तीन वर्षे. शारजातील त्या स्त्रीने पुढच्या सुट्टीत पुण्याच्या घरातील कपाटातून जुन्या चिठ्ठ्या शोधून आणल्या तर त्यांवरील तारखा आणि मात्रा या दुसऱ्या ओळीत भरता येतील, पहिलीला हात लावण्याचे कारण पडणार नाही. आणि सहा महिन्यांनी काढलेला नवा छेद जुन्या छेदावर ठेवला की ती उजळ रेषा पूर्वी तुटली होती तेथेच तुटलेली आहे, की मधल्या बेटाकडे आणखी सरकली आहे, ते मोजता येईल.